खरखर

करड्या गेमबॉयच्या पोटात चार आवाज.
दोन चौकोनी, टोकदार,
एका घरात नांदणाऱ्या जावांसारखे.
तिसरा आपण घडवू तसा: बत्तीस ठिपके
वर-खाली करत बसायचं, मग तो तोंड उघडतो.
चौथ्याला सूर नाही. नुसती खरखर.

लोक विचारतात, एवढ्यात काय मावतं?
इथे कोत्कामध्ये शवपेटी उचलायला सहा जण लागतात.
गाण्याला मला चार पुरले.

दिवसा मी श्रवणयंत्रं दुरुस्त करते.
म्हाताऱ्यांच्या कानांतला मळ बारीक ब्रशने काढते,
तार जोडते, विचारते: आता? आता येतं ऐकू?
ते हो म्हणतात. अर्धेअधिक माझं मन राखायला.
संध्याकाळी त्याच चिमट्याने
मी ही डबी उघडते.

पडद्याला स्वतःचा उजेड नाही,
दिव्याखाली तिरपा धरायचा,
सुईत दोरा ओवताना धरतात तसा.
सूर लिहायचे आकड्या-अक्षरांत, वरून खाली,
वाण्याच्या वहीतल्या उधारीसारखे.
चुकलं की एक पायरी मागे.
जमलं तरी एक पायरी मागे, खात्रीसाठी.

कधी तीन सुरांना एकत्र वाजायचं असतं
आणि जागा एकाचीच.
मग ते पाळीपाळीने धावतात, इतके झरझर
की कानाला वाटतं, तिघं शेजारी उभे आहेत.
हे मला आईने आधीच शिकवलं होतं:
तीन बहिणी, एक चांगला कोट,
आणि चर्चच्या दारात कुणाला कधी कळलं नाही.

बाबा कागद गिरणीत एकतीस वर्षं.
तिसऱ्या नंबरच्या यंत्राने त्यांचे वरचे सूर खाल्ले,
आधी पाखरं,
मग किटलीची शिट्टी,
मग माझ्या नावातले दोन्ही स.
सिर्का-लीसा म्हणून कुणी हाक मारली
तर त्यांच्यापर्यंत पोचते ती कुणी इर्का-लीआ.
मी बसवून दिलेलं यंत्र
त्यांच्या खणात, सुट्या बटणांबरोबर.

गाणी राहतात ती नाण्याएवढ्या एका बॅटरीच्या जिवावर.
फेब्रुवारीत ती गेली.
चालू केलं तर पाटी कोरी.
अकरा गाणी होती.
मी भांडी घासली. मग घासलेली पुन्हा घासली.

नवी बॅटरी डकवून बसले तेव्हा
बोटांना एकही चाल आठवेना.
आठवत होता चौथा.
तर चौथ्यापासूनच सुरू केलं:
खर्र, खर्र, एक छोटी उचकी, खर्र.
जावांना म्हटलं, तुम्ही जरा मागे थांबा.

बंदरावरच्या मासे खारवायच्या जुन्या शेडमध्ये
चिप-संगीताची रात्र. चाळीसेक माणसं,
त्यांतली निम्मी यार्कोची नातलग;
यार्को दोनदा उडालेला फ्यूज बदलत होता.
माझं सादरीकरण म्हणजे दोन अंगठे.
बघायला काही नाही, असं मी आधीच सांगून टाकते.
तरी पहिल्या रांगेतली एक मुलगी
माझ्या अंगठ्यांकडेच बघत राहिली,
आपले हलवत, खिशात.

बाबा स्पीकरला खेटून उभे,
जिथे ज्याला कान आहेत तो कुणी उभा राहत नाही.
पाठ टेकलेली. डोळे मिटलेले.
मी चौथा वाढवला. आणखी वाढवला.
चौकोनी आवाज आले, गेले,
त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.
मग ती उचकी आली,
आणि त्यांनी मान वाकडी केली,
फोनवर दूरचं कुणी बोलताना करतात तशी.

नंतर, बाहेर, थंडीत, कोट चढवताना,
मी विचारलं नाही: आता? आता येतं ऐकू?
तेच म्हणाले, गरजेपेक्षा मोठ्याने,
सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं:
उजव्या रोलरचं बेअरिंग गेलंय.
सांग कुणाला तरी.
तेल द्या म्हणावं.

मी ती उचकी तशीच ठेवली आहे.